हाडाने धरलेला स्क्रू

कोराडीत आमच्या आजीच्या पिढीला दात गेल्यावर एकच उपाय ठाऊक होता: कवळी. इम्प्लांटची गोष्ट सुरू होते ती सशाच्या पायातून.

१९५० च्या दशकात स्वीडनमधल्या लुंडला पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. त्यासाठी सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण प्रयोगानंतर निघेचना. हाड त्याला धरूनच वाढलं होतं. आम्ही असल्या प्रकाराला बग म्हणतो आणि तिकीट बंद करतो. ब्रोनेमार्क त्याच्याच मागे लागले. १९६५ मध्ये योस्ता लार्सन यांच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसले, ते २००६ मध्ये लार्सन गेले तोवर टिकले. तरी दंतवैद्यांचा जगभर विश्वास बसायला १९८२ ची टोरांटोची परिषद लागली.

आता नागपुरात हे सर्रास होतं. पण बाबांच्या दाढा काढून सहा वर्षं झालीत, आणि दात नसलेल्या जागी हाड झिजत जातं. डॉक्टर म्हणाले, आधी खर्रा बंद, मग बघू; तंबाखू खाणाऱ्याचं हाड स्क्रूला नीट धरेल याचा भरवसा नाही. पैसे मी जमवलेत. खर्र्याची पन्नी अजून बाबांच्या खिशात आहे.