घरचा संगणक : ‘फॉरमॅट’ मारण्यापूर्वी

संगणक मंद झाला, मराठी अक्षरे दिसेनाशी झाली, तारीख मागे गेली, संकेतस्थळ उघडेना. तक्रार कोणतीही असो, दुरुस्तीच्या दुकानात उपाय बहुधा एकच सुचविला जातो : ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ हा उपाय प्रत्येक वेळी चुकीचा असतो असे नाही. पण तो शेवटचा असायला हवा. फॉरमॅट केल्यावर संगणकप्रणाली असलेला सी ड्राइव्ह पुसला जातो. डेस्कटॉपवर आणि ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवलेली कागदपत्रे त्याच ड्राइव्हवर असतात, हे अनेकांना माहीत नसते. त्यांच्यासोबत जुने मराठी फाँटही जातात आणि त्याची आठवण तर पहिले जुने पत्र उघडेपर्यंत होत नाही.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१ नंतर राज्यभर पसरला आणि पुढे कारंजा, रिसोड, मंगरुळपीर, मालेगाव, मानोरा अशा तालुक्याच्या गावांतही घराघरांत संगणक दिसू लागले. त्या काळात टंकित केलेले अर्ज, संस्थांची इतिवृत्ते, वंशावळी, लग्नपत्रिका, शेताच्या वाटणीचे मसुदे आजही अनेकांच्या जुन्या यंत्रांत पडून आहेत. कागदावरची प्रत हरवली असेल, तर संगणकातील ती फाइल हाच एकमेव पुरावा उरतो. म्हणून बिघाड नेमका यंत्राचा आहे की सेटिंगचा, हे आधी पाहणे अगत्याचे ठरते.

मराठी मजकुराचे अगम्य चिन्हांत रूपांतर

जुनी फाइल उघडताच मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन पसारा दिसला, तर बहुतेकांचा समज फाइल ‘करप्ट’ झाली असा होतो. प्रत्यक्षात ती शाबूत असण्याचीच शक्यता अधिक. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या फाँटमध्ये संगणक मराठी अक्षर साठवतच नसे. तो साठवी इंग्रजी अक्षर आणि फाँट त्या जागी देवनागरी आकार दाखवी. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, मोठा बी आणि एच या पाच इंग्रजी अक्षरांच्या रूपात नोंदला जातो. फाँट गेला की मुखवटा गळून पडतो आणि मागची इंग्रजी अक्षरे तेवढी उरतात.

अशा वेळी मूळ फाइलमध्ये काहीही बदल न करता तिची एक प्रत करावी. वर्डमध्ये मजकुरावर क्लिक केल्यास फाँटच्या चौकटीत मूळ फाँटचे नाव दिसते. तो संगणकात नसला तरी नाव कायम असते. त्या नावाची फाँट फाइल जुन्या संगणकातील ‘विंडोज’ फोल्डरच्या आतील ‘फाँट्स’ या कप्प्यातून घेता येते. नव्या संगणकावर ती उघडून ‘इन्स्टॉल’ म्हटले की मजकूर पूर्ववत दिसू लागतो. परवान्यासह विकत घेतलेल्या फाँटच्या बाबतीत मूळ सीडी जपलेली असावी. यंत्र फॉरमॅटसाठी देण्याआधी हा ‘फाँट्स’ कप्पा पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला, तर पुढचा सारा मनस्ताप टळतो.

कायमचा उपाय म्हणजे हा मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवणे. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे फाँट बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो. रूपांतराची साधने अनेक आहेत. परंतु प्रत्येक जुन्या फाँटची मांडणी वेगळी असल्यामुळे त्या-त्या फाँटचेच साधन वापरावे लागते. रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे आणि आकडे डोळ्यांखालून घालणे आवश्यक. सर्व्हे क्रमांकातील किंवा रकमेतील एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर दोष कोणा यंत्राला देता येत नाही. मूळ फाइलही पुसू नये.

नवा मजकूर टंकित करण्यासाठी विंडोज एक्सपीच्या काळात ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जाऊन भारतीय लिपींचा आधार मुद्दाम सुरू करावा लागे आणि त्यासाठी विंडोजची सीडीही लागे. विंडोज १० व ११ मध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘टाइम अँड लँग्वेज’ येथे मराठी भाषा जोडली की की-बोर्ड मिळतो. विंडोजची कळ आणि स्पेस बार एकत्र दाबल्यावर इंग्रजी-मराठी अशी अदलाबदल होते. संगणक ‘आपोआप भलतीच अक्षरे टाइप करतो’ या तक्रारीचे कारणही अनेकदा हेच असते : नकळत या दोन कळा दाबल्या गेलेल्या असतात.

इन्स्क्रिप्ट हा की-बोर्ड शिकायला वाटतो तितका अवघड नाही. डाव्या हाताला स्वर व मात्रा, उजव्या हाताला व्यंजने. ‘के’च्या कळीवर क आणि शिफ्टसह ख, ‘आय’वर ग आणि शिफ्टसह घ. ज्यांना उच्चाराप्रमाणे इंग्रजी कळा दाबायच्या आहेत, त्यांच्यासाठी विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक की-बोर्डही आहे. मात्र सरकारी अर्जांत सर्रास दिसणारी एक चूक इन्स्क्रिप्टच्या अर्धवट ओळखीतून येते. ‘शेतकऱ्यांना’ असे लिहायचे असता ‘शेतकर्यांना’ असे उमटते. साध्या ‘र’ला हलन्त जोडल्यास रफार होतो, मराठीतील हा खास अर्धा र हवा असेल, तर ‘जे’ची कळ शिफ्टसह दाबून मिळणारा ऱ घ्यावा, मग ‘डी’ने हलन्त आणि पुढे य.

‘ॲ’चीही अशीच गंमत आहे. हे अक्षर २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्रपणे आले. त्यापूर्वीच्या मजकुरात ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहिलेले असते. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र नाही. त्यामुळे जुन्या यादीत ‘ॲड.’ शोधून नाव सापडले नाही, तर दुसऱ्या पद्धतीने टाइप करून पुन्हा शोधावे.

तारीख चुकली की संकेतस्थळेही बंद

वीज गेल्यानंतर प्रत्येक वेळी संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढ्या बॅटरीचे आयुष्य संपले आहे. सीआर २०३२ या नावाने मिळणारी ही ३ व्होल्टची बॅटरी यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवते. तारीख चुकीची असली की बँकांची, परीक्षेच्या अर्जांची संकेतस्थळे ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा देऊन अडतात, कारण त्यांच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संगणक स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. अर्जाची शेवटची तारीख तोंडावर असताना हा इशारा दिसला, की इंटरनेटवाल्याला फोन जातो. दोष मात्र कोपऱ्यातील घड्याळात असतो. तारीख दुरुस्त करून वेळेचा विभाग ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ असल्याची खात्री करावी. बॅटरी बदलताना वीजजोड पूर्णपणे काढावा. लॅपटॉपच्या बाबतीत हे काम जाणकारावर सोपवावे. काही जुन्या यंत्रांत बॅटरी संपल्यावर हार्ड डिस्कची जोडणीपद्धत मूळ पदावर जाते आणि विंडोज सुरूच होत नाही. तेवढ्यावरून डिस्क ‘गेली’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

तारखेची मांडणी हा वेगळाच सापळा आहे. संगणकाचा प्रदेश अमेरिका असेल, तर एक्सेलमध्ये ३/७ म्हणजे ३ जुलै न होता ७ मार्च होतो. १३/७ लिहिल्यास ती तारीखच मानली जात नाही आणि चौकटीत डावीकडे चिकटून राहते. सरळ आलेल्या तारखा उजवीकडे असतात. डावीकडची एखादी दिसली तर संपूर्ण रकाना संशयास्पद समजावा. ‘रीजन’मध्ये भारत निवडल्यावर तारखांसह लाख-कोटींचे स्वल्पविरामही आपल्या पद्धतीने पडू लागतात.

वीज, धूळ आणि ऊन

या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. मळणीच्या दिवसांत घरात धूळ येते आणि पावसाळ्याच्या तोंडाला विजा कडाडतात. संगणक अचानक बंद पडत असेल, तर प्रथम पंखे आणि त्यांच्या जाळ्या पाहाव्यात. सुरू करताना नुसताच बीप ऐकू येऊन पडदा काळा राहत असेल, तर वीजजोड काढून रॅमची पट्टी बाहेर घ्यावी, तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलकेच पुसावे आणि ती घट्ट बसवावी. हा उपाय जुना आहे, पण आजही लागू पडतो. यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत दमते. तो काम बंद करण्यापुरता वेळ देण्यासाठी असतो, काम चालू ठेवण्यासाठी नव्हे. विजा होत असताना केवळ बटण बंद करून भागत नाही. प्लग काढावा, इंटरनेटची तारही काढावी.

मंदपणा आणि पेन ड्राइव्ह

मंद संगणकात कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा. ‘स्टार्टअप’मधील अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत, सी ड्राइव्हवर मोकळी जागा ठेवावी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविल्याने पडणारा फरक कोणत्याही सेटिंगने पडत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी त्या जोडणीला ‘मीटर्ड’ म्हणून खूण करावी. एरवी विंडोजची अद्ययावत आवृत्ती उतरवून घेण्यातच दिवसाचा डेटा संपतो.

झेरॉक्सच्या दुकानातून परतलेल्या पेन ड्राइव्हमध्ये सर्व फोल्डरच्या जागी ‘शॉर्टकट’ दिसणे, हा व्हायरसचा ओळखीचा प्रकार. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नये. अशा वेळी फाइल सहसा पुसलेल्या नसतात, लपविलेल्या असतात. अँटिव्हायरसने तपासणी करून ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये लपविलेल्या व प्रणालीच्या संरक्षित फाइल दाखविण्याचा पर्याय निवडावा, सापडलेल्या फाइल दुसरीकडे उतरवून घ्याव्यात आणि मगच पेन ड्राइव्ह पुसावा.

डिजिटल स्वाक्षरीच्या दाखल्यावर हिरव्या खुणेऐवजी प्रश्नचिन्ह दिसते, तेव्हा दाखला बनावट असल्याची शंका घेतली जाते. बहुधा पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रामने स्वाक्षरी अद्याप तपासलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ. अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घेतलेल्या दाखल्याच्या स्वाक्षरीवर क्लिक करून प्रमाणपत्र विश्वसनीय यादीत घालावे आणि पडताळणी पुन्हा करावी.

फॉरमॅट अटळ असेल तेव्हा

कधी कधी तो करावाच लागतो. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज १० च्या घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा सुधारणा मिळण्याची सोय कंपनीने केली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते आणि ती अनेक जुन्या यंत्रांत नाही. असे यंत्र लगेच मोडीत काढण्याची गरज नाही. इंटरनेट न जोडता जुनी कागदपत्रे पाहण्यासाठी ते वापरता येते. बँकेचे व्यवहार मात्र त्यावर करू नयेत.

दुकानात यंत्र देताना डेस्कटॉप, ‘डॉक्युमेंट्स’, ‘डाउनलोड्स’ आणि ‘फाँट्स’ या चार जागा बाहेरच्या डिस्कवर उतरवून, ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर तेवढाही प्रयोग घरी करू नये. संगणक ताबडतोब बंद करावा आणि आतील माहिती हवी आहे, हे दुरुस्ती करणाऱ्याला कागदावर लिहून द्यावे.