पाचवी प्रत

माझे वडील सांगलीच्या कोर्टाबाहेर रेमिंग्टन टाइपरायटर घेऊन बसत. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेचिठ्ठ्या, कधीमधी एखादं मृत्युपत्र. एका दमात चार प्रती निघायच्या. वरची कोर्टाला, दुसरी समोरच्या पार्टीला, तिसरी वकिलाला आणि चौथी पक्षकाराच्या हातात. म्हणजे ज्याच्या जमिनीचं भांडण, त्याच्याच वाट्याला सगळ्यांत पुसट कागद. चौथ्या प्रतीत 'घ' आणि 'ध' वेगळे ओळखू येत नाहीत, 'भ' आणि 'म' तर देवाच्या हवाली. खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्यांना त्या प्रती वाचून दाखवायचं काम माझ्याकडे असे.

१९७६ साली मी इंजिनिअरिंग शिकायला मॉस्कोला गेलो. पहिल्या वर्षी रशियन शिकवायला पन्नाशीच्या एक बाई होत्या. पुढे वर्ग सुटला तरी त्यांच्याकडे चहाला जाणं सुटलं नाही. १९८१ च्या हिवाळ्यात, मी परत निघायच्या थोडं आधी, त्यांनी टेलिफोनच्या डायलमध्ये पेन्सिल खुपसून तो अडकवला आणि वर उशी ठेवली. फोनमधून घरातलं बोलणं ऐकतात असा तिथे सगळ्यांचाच समज होता. मग बटाट्यांच्या पिशवीमागून एक गठ्ठा काढला. कागद कांद्याच्या सालीसारखा. समास नाही, दोन ओळींत अंतर नाही, अक्षरांच्या कडा विरघळलेल्या. मजकूर कशाचा हे कळायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "चौथी प्रत."

"पाचवी," बाई म्हणाल्या. "मी बोटं जोरात मारते."

ती 'डॉक्टर झिवागो' होती. पास्तरनाकची ही कादंबरी रशियात कुणी छापेना, म्हणून १९५७ साली ती मिलानमध्ये फेल्त्रिनेल्लीने छापली, तीही आधी इटालियनमध्ये. पुढच्या वर्षी नोबेल जाहीर झालं आणि पास्तरनाकवर ते नाकारायची पाळी आली. पेपरांतून शिव्यांचा पाऊस पडला. शिव्या देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पुस्तक पाहिलंही नव्हतं, आणि तसं सांगायला त्यांना लाज वाटत नव्हती.

अशा मजकुराला रशियन लोक 'समिझ्दात' म्हणत, म्हणजे स्वतःच छापलेलं. सरकारी प्रकाशनसंस्थांची नावं अशीच शब्दांचे तुकडे जोडून केलेली असत, त्यांची ही टिंगल. रीत अशी: प्रत हाती आली की टाइपरायटरला चार-पाच कागद आणि मध्ये कार्बन लावायचे, अख्खं पुस्तक बडवायचं, आलेली प्रत परत करायची, एक आपल्याला ठेवायची, उरलेल्या पुढे द्यायच्या. पूर्व जर्मनीच्या 'एरिका' मशीनला त्यात मोठा मान. वेळ नसेल तर पुस्तक एका रात्रीपुरतं मिळे. मग चारपाच जण टेबलाभोवती बसून वाचलेलं पान डावीकडच्याला देत. १९६६ पासून फौजदारी कायद्यात १९०-१ हे नवं कलम आलं होतं, व्यवस्थेची बदनामी करणारा मजकूर पसरवला तर तीन वर्षांपर्यंत कैद. ७० वं कलम त्याहून कडक. त्याच वर्षी लेखक सिन्याव्स्कीला सात आणि डॅनिएलला पाच वर्षांची सक्तमजुरी झाली, परदेशात टोपणनावाने कथा छापल्या म्हणून.

सगळंच काही स्फोटक नसे. कविता पुष्कळ. योगासनांची पुस्तकंसुद्धा अशीच फिरत. बाईंनी मला मोठ्या आशेने शीर्षासनाबद्दल विचारलं होतं, त्यांची निराशा झाली. 'मॉस्क्वा' मासिकाने १९६६-६७ मध्ये बुल्गाकोवचं 'मास्टर आणि मार्गारिता' कात्री लावून छापलं, तेव्हा लोकांनी कापलेले तुकडे टाइप करून मासिकात जागच्या जागी चिकटवले. बाईंकडचा अंक त्या चिठ्ठ्यांनी दिवाळी अंकासारखा फुगला होता.

मी सांगलीत वाढलो तो याच देशाच्या पुस्तकांवर. 'प्रगती प्रकाशन, मॉस्को'. जाड कागद, पक्की बांधणी, किंमत दोन-तीन रुपये. आतल्या पानावर झुबोव्स्की बुलेव्हारचा पत्ता, तो मला आमच्या गल्लीच्या पत्त्याइतका पाठ. मॉस्कोत गेल्यावर मी मुद्दाम ती इमारत पाहून आलो होतो. आमच्यासाठी मराठीत टॉलस्टॉय छापून पाठवणाऱ्यांच्या शहरात ही बाई बटाट्यांमागे कादंबरी ठेवते, याचा मला त्या रात्री रागच आला. बाईंना नव्हता. टॉलस्टॉयवरून त्यांनी तिथे सगळ्यांना माहीत असलेला विनोद सांगितला: आजी रात्रभर 'युद्ध आणि शांती' टाइप करत बसते, कारण नात छापील काही वाचायलाच तयार नाही.

परत आल्यावर वडिलांना हे सांगितलं. साहित्याचं त्यांना अप्रूप नव्हतं, पण एक गोष्ट त्यांना बरोबर लागली. वासिली ग्रॉसमनच्या 'जीवन आणि नियती' या कादंबरीसाठी केजीबीची माणसं फेब्रुवारी १९६१ मध्ये त्याच्या घरी आली. लेखकाला हात लावला नाही. हस्तलिखित, टाइप केलेल्या प्रती, वापरलेले कार्बन आणि मशीनची रिबनसुद्धा घेऊन गेली. "शहाणी माणसं," वडील म्हणाले. एकदाच वापरलेला कार्बन उजेडाला धरला की पानच्या पान वाचता येतं. म्हणून मृत्युपत्राचे कार्बन ते घरी आणून चुलीत घालत. त्या कादंबरीबद्दल पक्षाचा बडा पुढारी सुस्लोव ग्रॉसमनला म्हणाला होता की ती दोन-तीनशे वर्षं छापता यायची नाही. ग्रॉसमन १९६४ मध्ये वारला. मित्राकडे लपवलेली एक प्रत बचावली होती, तिच्यावरून १९८० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पुस्तक निघालं.

लेखकांची नावं जगाला माहीत झाली. बडवणाऱ्या बहुतेक बायका, त्यांची नावं कुठल्याच मुखपृष्ठावर नाहीत. लेनिनग्राडची येलिझावेता वोरोन्यान्स्काया ही साठी उलटलेली बाई सोल्झेनित्सिनसाठी टाइप करत असे. 'गुलाग द्वीपसमूह' या सोव्हिएत छळछावण्यांवरच्या पुस्तकाची आपल्याकडची प्रत जाळून टाक असं त्याने सांगितलं होतं. तिच्याने जाळवली नाही. ऑगस्ट १९७३ मध्ये केजीबीने तिची पाच दिवस चौकशी केली, ठिकाण कळलं, प्रत हाती लागली. थोड्याच दिवसांत ती घरी फासाला लटकलेली सापडली. बाहेरच्या देशात ठेवलेली प्रत सोल्झेनित्सिनने तोवर अडवून धरली होती, मजकुरात ज्यांची नावं आहेत त्यांना त्रास नको म्हणून. आता अडवण्यात अर्थ उरला नव्हता. डिसेंबरअखेर पॅरिसमध्ये पहिला खंड बाहेर आला आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये त्याला देशाबाहेर घालवलं.

अशा पुस्तकांनी सोव्हिएत सत्ता पाडली, असं आता सहज म्हटलं जातं. मी तिथे रांगेत उभा राहिलो आहे. सॉसेज नसणं, अफगाणिस्तानातून आलेल्या शवपेट्या आणि तेलाचे उतरलेले भाव यांचा वाटा विसरायला मी तयार नाही. फरक पडला तो बाईंसारख्यांत. दिवसा त्या आमच्याकडून लेनिनवरचे उतारे घोकून घेत, उच्चार चुकला तर पुन्हा म्हणायला लावत. रात्री मशीनखाली घोंगडी घालून, शेजारी रेडिओ लावून, सहाशे पानं त्यांनी एका हिवाळ्यात उतरवली. वाचताना पान चाळता येतं, टाइप करताना वेलांटीसुद्धा चुकवता येत नाही. त्यानंतर पेपरातला अग्रलेख वाचवेना, असं त्या म्हणाल्या. त्यातली वाक्यरचनाच खोटी वाटू लागली.

त्या रात्री मी त्यांना आपल्या पोथ्यांबद्दल सांगितलं होतं. नकलणाऱ्याची डुलकी लागली की ओवी गळते, पुढचा तीच चूक नकलतो. म्हणून ज्ञानेश्वरीनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी एकनाथांनी ती शुद्ध करून घेतली, शके १५०६ मध्ये. बाईंनी एकच प्रश्न विचारला: त्यांना खरा शब्द कसा कळला? मला उत्तर आलं नाही.

१९९० मध्ये कंपनीच्या कामाने मॉस्कोला गेलो. तोवर 'झिवागो' 'नोवी मीर'च्या १९८८ च्या पहिल्या चार अंकांत छापून झाली होती, खप दहा लाखांच्या वर. 'गुलाग'मधली प्रकरणंही त्याच मासिकात आली होती. बाई निवृत्त झाल्या होत्या. टेलिफोनवर उशी नव्हती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर डावीकडे 'नोवी मीर', उजवीकडे तो कांद्याच्या सालीचा गठ्ठा आणि मध्ये टोक केलेली पेन्सिल. एकशे चाळिसाव्या पानावर एक अख्खी ओळ गळली होती. इतक्या जणांनी वाचलं, कुणी बोललं कसं नाही, म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या होत्या. मला म्हणाल्या, "चष्मा आणला आहेस ना? तू छापील वाच, मी माझं बघते. सावकाश."