सातबारा, पोटहिस्सा आणि लॅपटॉपची डिस्क

लॅपटॉपवर लिनक्स नव्याने टाकायचं ठरलं की मी आधी कागद घेतो आणि डिस्कचा नकाशा काढतो. मोजणी न करता कुंपण घातलं की काय होतं, हे रत्नागिरीच्या माणसाला सांगावं लागत नाही. डिस्कही मुळात एकच सलग जमीन. तिच्या पहिल्या तुकड्यावर लिहिलेला एक छोटासा सातबारा.

हा सातबारा 1983 चा. आयबीएमच्या पीसी एक्सटी या संगणकात 10 एमबीची हार्ड डिस्क आली आणि तिच्यासोबतच्या डॉस 2.0 ने वाटणीचा तक्ता आणला. डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांत त्याला जागा मिळाली 64 बाइटांची. एका नोंदीला 16, म्हणून हिस्सेदार चारच. चारांत भागेना तेव्हा आपल्याकडे होतं तेच झालं, एका हिश्शात पोटहिस्से पाडले. यालाच एक्स्टेंडेड पार्टिशन म्हणतात. नोंदीतले आकडे 32 बिटांचे, त्यामुळे 2 टीबीपुढची जमीन तक्त्यात मांडताच येईना. आजचा जीपीटी तक्ता साधारण 128 हिस्से लिहितो आणि आपली दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवतो.

'घर' वेगळं ठेवण्याची गोष्ट याहून जुनी आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडत होतं. पहिली डिस्क भरली, तेव्हा सिस्टिमचं सामान दुसऱ्या डिस्कवर सांडलं. तिथे 'यूएसआर' नावाखाली माणसांच्या फाइली राहत होत्या. पुढे माणसं 'होम'मध्ये राहायला गेली, सामान मात्र यूएसआरमध्येच राहिलं. आमच्या मोहल्ल्यात अशी घरं आहेत: पाटीवर नाव कुवेतला गेलेल्या चाचांचं, आत भाडेकरूचा संसार. 1991 मध्ये जन्मलेल्या लिनक्सने ही मांडणी तशीच वारशात घेतली. 2012 मध्ये फेडोराने वेगळी पडलेली बिन वगैरे दालनं पुन्हा यूएसआरमध्ये एकत्र केली. चाळीस वर्षांनी मोडलेली वाटणी!

मला हा इतिहास उशिरा कळला. पहिल्यांदा लिनक्स टाकलं तेव्हा पडद्यावर 'पूर्ण डिस्क पुसून टाका' असा पर्याय होता आणि मी तो घाईत दाबला. दादीच्या तोंडून रेकॉर्ड केलेली, कोकणी बोलीतली लग्नाची गाणी त्याच डिस्कवर होती. दुसरी प्रत नव्हती. त्यानंतर दादी फार दिवस राहिली नाही. चूक माझीच, संगणकाने विचारलं होतं.

आता कागदावरचा नकाशा असा: 256 जीबीची एसएसडी, जी लिनक्सच्या मोजणीत सुमारे 238 भरते (कंपनी हजाराने मोजते, संगणक 1024 ने). त्यात चालू करण्याच्या ईएफआय भागाला 512 एमबी, सिस्टिमच्या रूटला 50 जीबी, स्वॅपला 8, उरलेलं साधारण 180 होमला. पुन्हा टाकताना 'मॅन्युअल' पर्याय घ्यायचा, फक्त रूटसमोर फॉरमॅटची खूण करायची, आणि होमला जागा दाखवायची पण खूण करायची नाही. विंडोज सोबत असेल तर ईएफआयलाही हात लावायचा नाही. वापरकर्त्याचं नाव पूर्वीचंच ठेवलेलं बरं, नाहीतर आपलं घर आपल्यालाच सापडत नाही.

पण वेगळं होम म्हणजे बॅकअप नव्हे, हे ठासून सांगतो. पुष्कळजण तिथेच फसतात. डिस्क मेली की सगळे हिस्सेदार एकदमच जातात. जुलै 2021 मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा कपाटातले कागद आणि टेबलावरचा संगणक दोन्ही एकाच पाण्यात होते. म्हणून एक प्रत घरात, आणि एक दुसऱ्या गावात.

फुफूला अजून त्यातली सात-आठ गाणी आठवतात. ती रेकॉर्ड केली आहेत. एक प्रत होममध्ये आहे, दुसरी बाहेरच्या डिस्कवर मुंब्र्याला आपाकडे. काल रूट पुसायच्या आधी तिला फोन करून ती डिस्क लावायला सांगितली, आणि फोनवरूनच पहिलं गाणं ऐकून घेतलं.