अपरात्रीचे दूध

मराठीत 'अपरात्र' हा शब्द जवळजवळ नेहमी नापसंतीच्या सुरात येतो. अपरात्री दार कोण ठोठावते, अपरात्री कुठे निघालास, अपरात्री काय खातोस! त्या वेळच्या खाण्याला आपण वेगळे नावही दिलेले नाही. न्याहारी, जेवण, मधल्या वेळचे ही सारी नावे उजेडाशी, निदान दिवेलागणीशी बांधलेली. चिनी भाषेत मात्र त्याला 'श्याओये' असा स्वतंत्र शब्द आहे, आणि तैवानमध्ये या शब्दाभोवती एक अख्खी संस्कृती उभी राहिली आहे. तिच्यातील रात्रबाजारांविषयी प्रवासवर्णनकार भरभरून लिहितात. मला लिहायचे आहे ते त्याहून साध्या जागेविषयी: ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडातले, चोवीस तास उघडे असणारे, गल्लीतले स्वस्त दुकान, जिथे सोयाबीनचे दूध मिळते.

या दुधाला 'दोउच्यांग' म्हणतात. गोड दोउच्यांग कोणालाही कळेल. खारे दोउच्यांग समजायला थोडा वेळ लागतो. वाडग्यात आधी व्हिनेगर, खारवलेल्या मोहरीच्या देठांचे बारीक तुकडे, सुकट, कांद्याची पात असे घालून ठेवतात आणि वरून उकळते दूध ओततात. दूध फाटते, मऊ गुठळ्या धरते. आपल्या घरात दूध नासले की गृहिणीचा दिवस नासतो. इथे ते नासावे म्हणूनच सगळा खटाटोप. सोबत 'शाओबिंग', म्हणजे तंदूरसारख्या भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवून भाजलेली तिळाची पोळी, आणि तिच्यात घातलेला 'योउत्याओ', कणकेची तळलेली लांब कुरकुरीत कांडी. या कांडीबद्दल एक दंतकथा आहे. 1142 साली सेनापती युए फेईला मृत्युदंड घडवणाऱ्या छिन ह्वेई या मंत्र्याला आणि त्याच्या बायकोला लोकांनी कणकेच्या जोडीच्या रूपाने तेलात तळले, अशी ती कथा. इतिहास म्हणून तिचे मोल फारसे नाही. पण देशद्रोह्याला रोज सकाळी चावून खाण्याची कल्पना लोकमानसाला का आवडली असेल, हे समजण्यासारखे आहे.

यातले काहीही मूळचे तैवानी नाही, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते. तैवानच्या गरिबाचे अन्न म्हणजे भाताची पेज आणि तिच्यात रताळी. गहू हे उत्तर चीनचे धान्य. 1949 साली यादवी युद्धात हरलेले चँग कै-शेक यांचे सरकार बेटावर आले आणि त्याच्यामागून दहा लाखांहून अधिक माणसे आली. बेटाची आधीची वस्ती साठ-सत्तर लाखांची. आलेल्यांत सैनिक पुष्कळ. त्यांतले अनेक अविवाहित किंवा बायकामुलांना मागे टाकून आलेले. लवकरच परत जायचे आहे अशी सर्वांची समजूत होती, आणि 1952 पासून सैनिकांच्या लग्नावर निर्बंधही होते. फौजेतून सुटलेल्या माणसाजवळ जमीन नाही, स्थानिक भाषा नाही, नातेवाईक नाहीत. शांतुंगच्या माणसाजवळ एक गोष्ट मात्र असे: कणीक मळणारे हात.

कणीक कुठून आली, याचे उत्तर अमेरिकेत आहे. 1951 ते 1965 या काळात तैवानला अमेरिकेची मदत मिळत होती आणि तिच्यात गहू व सोयाबीन मोठ्या प्रमाणात येत असे. पिठाच्या रिकाम्या पोत्यांच्या मुलांसाठी चड्ड्या शिवल्या जात आणि त्यांवर हस्तांदोलन करणारे दोन हात व 'चीन-अमेरिका सहकार्य' ही अक्षरे मिरवत, ही आठवण त्या पिढीतले लोक अजून हसत सांगतात. सरकारही लोकांना पीठ खाण्याचा आग्रह करी, कारण वाचलेला तांदूळ निर्यात करून परकीय चलन मिळवता येई. म्हणजे निर्वासिताच्या घराच्या आठवणीला धान्य पुरवले ते शीतयुद्धाने. अन्नाचा इतिहास लिहिताना आपण 'परंपरा' हा शब्द फार लवकर उच्चारतो, असे मला वाटते.

तैपेईच्या दक्षिणेला नदीपलीकडे योंगहे नावाचे उपनगर आहे. निर्वासितांची तिथे दाट वस्ती झाली. पुलाच्या टोकाशी 1955 साली एक दोउच्यांगचे दुकान निघाले आणि पुढे आसपास त्याची भावंडे वाढली. दुकाने रात्री का जागी राहिली, याचे एक कारण धंद्यातच आहे. सोयाबीन तासन्‌तास भिजवायचे, दळायचे, गाळायचे, उकळायचे. पहाटे पहिले गिऱ्हाईक येण्यापूर्वी कणीक मळून भट्टी तापलेली हवी. न्याहारी विकणाऱ्याचा दिवस मध्यरात्रीच उजाडतो. दिवा लागलेलाच असतो, तेव्हा दार लोटून घेण्यात अर्थ नसतो.

दुसरे कारण बेसबॉल. 1969 साली तैवानच्या मुलांच्या संघाने अमेरिकेतील विल्यम्सपोर्ट येथे लिटल लीगची जागतिक स्पर्धा जिंकली आणि बेट वेडे झाले. 1969 ते 1996 या काळात तैवानने हे अजिंक्यपद 17 वेळा मिळवले. पुढे उपग्रहामार्फत थेट प्रक्षेपण सुरू झाले. तिकडची दुपार ती इकडची मध्यरात्र. सामना संपला की जागी झालेली भूक योंगहेच्या पुलाकडे निघे. त्या रात्रींनीच ही दुकाने चोवीस तासांची केली, असे तिथे सांगितले जाते.

या चित्रातली एक विसंगती नजरेआड करू नये. बेटावर मे 1949 पासून जुलै 1987 पर्यंत लष्करी कायदा होता, आणि शाळेत मातृभाषा बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे. मैदानावरची मुले तैवानची, पण नाव 'चीन'. 1971 साली अंतिम सामन्याच्या वेळी मैदानावरून एक विमान तैवानच्या स्वातंत्र्याची घोषणा लिहिलेला फलक घेऊन फिरले. ज्या वाक्यासाठी बेटावर तुरुंगवास झाला असता, ते अमेरिकेच्या आकाशात होते. त्या रात्री दोउच्यांग पिताना कोण काय बोलले असेल, आणि कोण गप्प राहिले असेल?

स्थानिक लोक स्वतःला 'रताळे' म्हणत; बेटाचा आकारही तसाच आहे. 1949 नंतर आलेल्यांना ते 'अळकुडी' म्हणत. दोन्ही कंदच, पण 1947 च्या फेब्रुवारी-मार्चमधील हत्याकांडानंतर या दोन शब्दांमध्ये रक्त होते. आज खारे दोउच्यांग हे 'सर्वांचे' अन्न म्हणून गौरवले जाते, तेव्हा मला थोडी शंका येते. एका बाकावर बसून खाल्ले म्हणजे हिशेब मिटला, असे होत नाही. एवढे मात्र खरे, की अपरात्री दोन वाजता मालक कोणाला कुठला ते विचारत नसे.

या माणसांचे एकाकीपण ज्याला वाचायचे आहे त्याने पै श्येन-युंग यांचा 1971 चा 'तैपेईचे लोक' हा कथासंग्रह पाहावा. त्यातील एका कथेची निवेदिका तैपेईत खाणावळ चालवते. तिच्या आजोबांची ग्वेलिनमध्ये फूलपुलाजवळ नामांकित खाणावळ होती, आणि तेच नाव तिने आपल्या दुकानाला दिले आहे. तिच्याकडे महिनेवारी जेवणारा एक शिक्षक मागे राहिलेल्या वाग्दत्त वधूला आणण्यासाठी पैसा पैसा साठवतो, फसवला जातो आणि खचतो. पै यांची कमाल अशी, की हे सारे ते थकबाकी मोजणाऱ्या बाईच्या तोंडून सांगतात. करुणेला तिथे गल्ल्याचा आवाज आहे.

रताळ्याच्या पेजेचे पुढे काय झाले? ती तैपेईच्या फूशिंग दक्षिण मार्गावर मध्यरात्रीची चैन झाली. तिथल्या पेजेच्या खाणावळी रात्रभर गजबजत. जवळच तुन्ह्वा मार्गावर 1999 पासून रात्रभर उघडे राहणारे पुस्तकांचे दुकान होते. ते मे 2020 अखेर बंद झाले. आपल्याकडे रताळे पोर्तुगिजांबरोबर आले आणि एकादशीच्या ताटात जाऊन बसले. तिथे ते फिलिपिन्स आणि फूच्येनमार्गे आले आणि पिढ्यान्‌पिढ्या नाइलाजाने खाल्ले गेले. नाइलाज संपल्यावरच त्याची चव लागली.

नोव्हेंबर 1987 मध्ये म्हाताऱ्या सैनिकांना चीनमधील घरी जाण्याची परवानगी मिळाली. त्यांच्यामागून तैवानचा पैसाही गेला. 1995 साली शांघायमध्ये योंगहेचे नाव लावलेले, चोवीस तास चालणारे दोउच्यांगचे दुकान तैवानी व्यावसायिकांनी उघडले. त्याची साखळी झाली आणि 2004 साली ती एका फिलिपिनी कंपनीने घेतली. शांघायकरांना दोउच्यांग, पोळी, योउत्याओ आणि चिकट भाताचा मुटका ही चौकडी नवी नव्हती. न्याहारीचे 'चार वज्रधारी' असे ते तिला म्हणतच होते. नवी होती ती वेळ. आपल्याच आजोबांची न्याहारी ते आता तैपेईच्या एका उपनगराच्या नावाने, तैवानी म्हणून, रात्री एक वाजता खात होते.