काळ्या मोटारीची झिलई

काळी मोटार धुऊन, पुसून, मेण लावून अंगणांत उभी केली म्हणजे तिच्या दारांत आभाळ दिसतें, शेजारचें झाड दिसतें, आणि पाहणाऱ्याचें तोंडहि दिसतें. पांढऱ्या किंवा राखी मोटारीस हें भाग्य नाहीं. पण तीच मोटार दोन प्रहरीं उन्हांत नेली कीं सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारख्या शेंकडों बारीक रेषा दिसूं लागतात, आणि मालकाच्या जिवास चुटपुट लागते. ह्या रेषा रस्त्यानें पाडलेल्या नसतात. बहुतेक घरींच, फडक्यानें आणि मोठ्या प्रेमानें पाडलेल्या असतात. मोटारीस झिलई देण्याची विद्या कोठून आली, आणि ज्या हातांनीं चकाकी आणावयाची त्याच हातांनीं ती कशी जाते, हें पाहण्यासाठीं मोटारीच्याहि मागें जावें लागतें.

मोटारीच्या आधीं बग्गी होती, आणि मोटार धुण्याचे सारे चांगले नियम मुळांत बग्गीचे आहेत. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधील श्रीमंतांच्या गाड्यांवर जवसाच्या तेलांत कालविलेल्या रंगाचे व राळेच्या रोगणाचे अनेक थर एकावर एक चढवीत. एक थर वाळावा, तो पाणी आणि प्युमिस दगडाची पूड घेऊन घासून सपाट करावा, मग दुसरा चढवावा, असें तें काम कित्येक आठवडे चाले. हें रोगण दिसावयास आरशासारखें, पण स्वभावानें फार हळवें असे. चिखल त्यावर वाळूं दिला तर डाग पडे. गाडी उन्हांत धुतली तर थेंब जागच्या जागीं सुकून वर्तुळें उरत. तबेल्यांत सुटणारा अमोनिया वायु तर रोगणाचा वैरीच. म्हणून जाणते लोक घोडे एकीकडे आणि गाडीखाना दुसरीकडे ठेवीत, मध्यें भिंत घालीत.

कोचमनला पहिली शिकवण अशी असे कीं, गाडी परत येतांच, चिखल ओला असतांनाच, ती सावलींत घ्यावी आणि भरपूर पाणी सोडून चिखल भिजवावा, वाहून जाऊं द्यावा. घासून काढूं नये. चाकांचा स्पंज वेगळा आणि गाडीच्या अंगाचा वेगळा. शेवटीं शॅमॉय कातड्यानें पाणी टिपून घ्यावें. शॅमॉय हा युरोपच्या डोंगरांतला बकऱ्यासारखा प्राणी. पुढें मेंढीचेंच कातडें माशाच्या तेलांत कमावून त्या नांवानें विकूं लागले. बकरा गेला, नांव राहिलें. आज मोटारीचे शोकी दोन बादल्यांची म्हणून जी रीत सांगतात, म्हणजे एका बादलींत साबणाचें पाणी आणि दुसरींत फडकें खळबळण्यास स्वच्छ पाणी, ती ह्याच कोचमनच्या शिकवणीची नात आहे.

कोचमन होता तोंवर झिलईचा भार त्याच्यावर होता. तो मालकावर आला फोर्डच्या मॉडेल टी गाडीमुळें. ही गाडी 1908 सालीं निघाली तेव्हां ती हिरवी, तांबडी, राखी अशीहि मिळत असे. 1913 सालीं हायलंड पार्क येथील कारखान्यांत सरकत्या साखळीवर जुळणी सुरू झाली, आणि ज्या सांगाड्यास साडेबारा तासांच्या आसपास लागत तो दीड तासांत तयार होऊं लागला. इतक्या वेगापुढें आठवडेंच्या आठवडे वाळणाऱ्या रंगाचा निभाव लागणार कसा? 1914 पासून 1925 पर्यंत मॉडेल टी फक्त काळीच निघाली. काळा रंग लौकर वाळतो एवढेंच त्याचें कारण सर्रास सांगतात, पण तें अपुरें आहे. खनिज डांबर जवसाच्या तेलांत शिजवून केलेलें 'जपान ब्लॅक' नांवाचें रोगण स्वस्त होतें, चिवट होतें, आणि पत्र्याचे भाग त्यांत बुडवून भट्टींत भाजतां येत. पूर्वेकडील लाखकामाची नक्कल करतां करतां युरोपांत हें रोगण सिद्ध झालें, म्हणून त्यास जपानचें नांव. 1927 सालीं ही गाडी बंद झाली तेव्हां तिची संख्या दीड कोटीवर गेली होती. ती घेणारे शेतकरी, डॉक्टर, दुकानदार ह्यांच्या पदरीं कोचमन कोठला! सुटीच्या दिवशीं बाह्या सरसावून बादली उचलणारा गृहस्थ ह्या गाडीनें घडविला. कारखान्यास सर्वांत सोयीचा पडलेला रंग घरीं राखावयास सर्वांत अवघड निघाला.

1923 सालीं ड्यूपाँ कंपनीचें 'ड्यूको' रोगण जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर निळ्या रंगांत झळकलें. हें नायट्रोसेल्युलोजचें, म्हणजे बंदुकीच्या दारूच्या गोतांतलें. तें झटपट वाळे आणि हव्या त्या रंगांत मिळे. पण चकाकी घांसल्याशिवाय येत नसे, आणि उन्हापावसांत वरचा पापुद्रा मरून खडूसारखा होई. तो काढून टाकण्यासाठीं डबेच्या डबे पॉलिश खपूं लागलें. 'सिमोनिझ' ह्या मालाचें नांव तर अमेरिकन इंग्रजींत चक्क क्रियापद होऊन बसलें. शिकागोच्या बेंजामिन हर्श ह्यानें 1941 च्या सुमारास घरच्या न्हाणींतल्या टबांत आपलें पॉलिश घोटलें. तो क्रीडांगणाबाहेर उभ्या असलेल्या मोटारींचा एकच पंखा चकचकीत करून ठेवी आणि मालकाची वाट पाहात बसे, अशी कथा सांगतात. त्याच्याच मालाला पुढें 'टर्टल वॅक्स' हें नांव मिळालें. अर्धवट उजळलेली मोटार घेऊन घरीं जाण्यास कोण धजणार!

ह्या सर्व डब्यांतील राजा म्हणजे कार्नोबा मेण. ईशान्य ब्राझीलमध्यें, सेआरा व पियाउई ह्या प्रांतांत, हा ताड वाढतो. कोरड्या ऋतूंत पानांतील ओल उडूं नये म्हणून त्याच्या पानांवर मेणाची भुकटी सांचते. पानें कापून उन्हांत वाळवितात, झोडपतात, आणि गळलेली पूड वितळवून गाळतात. मधमाशीचें मेण 62 ते 64 अंश सेल्सियसला वितळतें. कार्नोब्यास 82 ते 86 अंश लागतात. काळा पत्रा भर उन्हांत 60 अंशांच्या वर तापूं शकतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या वीस अंशांची किंमत कळते. 1935 सालीं जॉन्सन मेणाच्या कंपनीचे प्रमुख हर्बर्ट जॉन्सन हे सिकॉर्स्की एस-38 ह्या पाण्यावरहि उतरणाऱ्या विमानांतून विस्कॉन्सिनहून थेट फोर्तालेझापर्यंत गेले, तें ह्या ताडाच्या शोधांत. हें मेण टर्पेंटाइनसारख्या द्रावांत मऊ करून डब्यांत भरतात. तें पातळ लावावें, धुरकट होऊं द्यावें आणि पुसून घ्यावें; जाड थापल्यास जास्तीचें सारें फडक्यावरच येतें.

येथें एक घोटाळा आहे, आणि तो शब्दाचा आहे. घराघरांतून 'पॉलिश' हा एकच शब्द दोन उलट कामांना लावतात. मेण कांहीं घालतें. खरें पॉलिश कांहीं काढतें. तांब्याचा हंडा चिंचेनें आणि राखेनें रोज घांसला तरी तो आंतबाहेर तांब्याचाच असतो, म्हणून पिढ्यान् पिढ्या पुरतो. मोटारीचें तसें नाहीं. 1980 नंतरच्या दशकांत रंगावर बिनरंगी पारदर्शक थर देण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. हा थर साधारण 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केंसाहूनहि पातळ असतो. ओरखडा नाहींसा करणें म्हणजे भोंवतालचा थर ओरखड्याच्या तळापर्यंत झिजविणें. दर दसऱ्याला हार घालण्यापूर्वीं हौसेनें पॉलिश घांसणारा मालक हें भांडवल हप्त्याहप्त्यानें खर्च करीत असतो, आणि तें परत भरतां येत नाहीं.

हें सर्व रंगांस लागू आहे. मग बोभाटा काळ्याचाच कां? पांढऱ्या रंगाच्या पोटांतून इतका प्रकाश परत फिरतो कीं वरच्या ओरखड्याची तिरीप त्यांत बुडून जाते. काळा रंग आंत गेलेला प्रकाश गिळतो. त्याच्याकडून डोळ्यास मिळतें तें केवळ पृष्ठभागावरचें, शेंकडा चारच्या आसपासचें प्रतिबिंब. त्या अंधारांत प्रत्येक रेघ तारेसारखी चमकते. ह्या रेषा गोल नसतात, हीहि एक गंमत आहे. त्या वेड्यावांकड्या, सर्व दिशांनीं गेलेल्या असतात. दिव्याशीं किंवा सूर्याशीं योग्य कोन करणाऱ्या तेवढ्याच उजळतात, म्हणून वर्तुळांचा भास होतो. त्या पाडतें कोण? धूळ. धुळींत गारेचे कण असतात आणि गार कांचेहूनहि कठीण. कोरड्या फडक्यानें धूळ झटकणें म्हणजे ते कण बोटाखालीं धरून मोटारभर ओढणें होय. कपड्यांचा सोडा किंवा भांड्यांचा साबण धूळ काढतो खरा, पण लावलेलें मेणहि धुऊन नेतो. आणि विहिरीचें जड पाणी तापलेल्या काळ्या पत्र्यावर सुकलें तर चुन्याचीं वर्तुळें उरतात, अगदीं बग्गीच्या रोगणावर उरत तशींच.

मुंबईकरांस काळ्या मोटारीची ओळख झाली ती मुख्यतः टॅक्सीमुळें. कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेल्या फियाट, पुढें पद्मिनी झालेल्या, खालीं काळ्या आणि टपावर पिवळ्या. त्यांतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्यें रस्त्यावरून उतरली. पहाटे, सूर्य वर येण्याआधीं, रस्त्याच्या कडेला चालक ती धुवावयास घेत असे. वेळ कोचमनची होती, सावलीहि कोचमनची होती. बादली मात्र एकच, आणि चाकावरून निघालेलें फडकें त्याच पाण्यांत पिळून सरळ टपावर जाई.