अब्रू, अभिमान, अस्मिता आणि प्रतिष्ठा

आपल्या निवेदनांत, ठरावांत आणि भाषणांत अब्रू, स्वाभिमान, अस्मिता आणि प्रतिष्ठा हे शब्द वारंवार येतात. बहुधा ते आपण एकाच अर्थाने योजतो. त्यांचा इतिहास मात्र एक नाही, आणि कोणता शब्द कोठे योजावा हे ठरविण्यास तो इतिहास उपयोगी पडतो.

अब्रू हा शब्द फारसी. 'आब' म्हणजे पाणी, 'रू' म्हणजे चेहरा. अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचे पाणी, तेज. 'आब राखणे' या प्रयोगात त्यातील पहिला भाग आजही नांदतो. इज्जत आणि इभ्रत हे मूळचे अरबी. त्यांपैकी इभ्रतीचा मूळ अर्थ धडा किंवा इशारा. लौकिक हा अर्थ तिला मराठीत लाभला. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले, तरी घरोघरी रुजलेले हे शब्द टिकून राहिले. या सर्वांत मान दुसऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतो. अब्रू राखावी लागते, ती जाते, घेतली जाते, वेशीवर टांगली जाते.

अभिमानाचा प्रवास निराळा. संतवाङ्मयात तो टाकून देण्याचा दोष आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाचे पहिले लक्षण अमानित्व हे सांगितले असून ज्ञानेश्वरांनी त्याचे सविस्तर विवरण केले आहे. आधुनिक मराठीत मात्र अभिमान हा गुण ठरला, आणि दोषासाठी गर्व व दुरभिमान उरले. इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या बांधवांस याच्या उलट अनुभव येतो : हिंदीत गर्व मिरविता येतो, 'अभिमानी' ही मात्र बहुधा निंदा असते. कन्नडमध्ये अभिमानी म्हणजे चाहता; हैदराबादेत कानी पडणाऱ्या तेलुगूत अभिमान म्हणजे जिव्हाळा. मराठीत 'मर्यादा' म्हटले की प्रथम सीमा आठवते, कन्नडमध्ये मात्र आदर. शेजाऱ्याचा शब्द आपल्या अर्थाने ऐकला की नाहक कटुता वाढते.

अस्मिता तर योगसूत्रांत पाच क्लेशांपैकी दुसरा क्लेश आहे : 'मी'पणाचा भ्रम. विसाव्या शतकात तिला समूहाच्या ओळखीचा अर्थ आला. गुजरातीत हा अर्थ रूढ करण्यात कन्हैयालाल मुनशी यांचा मोठा वाटा आहे, हे वडोदऱ्याच्या वाचकांस ठाऊक असेल.

परंतु समाज ज्यांना अब्रूच नाकारत होता, त्यांचे काय? 1925 च्या एप्रिलमध्ये आपल्या निपाणीत भरलेल्या प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषविले. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. या लढ्याने स्वाभिमान आणि माणुसकी या शब्दांना नवे वजन दिले. येथे मान कोणाच्या मेहेरबानीने मिळत नाही. माणूस म्हणून जन्मल्यानेच तो प्राप्त होतो.

प्रतिष्ठा या शब्दात 'स्था' धातू आहे : स्थिर उभे राहणे. व्यवहारात 'प्रतिष्ठित' म्हटले की गावातील चार वजनदार माणसे डोळ्यांपुढे येतात. राज्यघटनेच्या उद्देशिकेच्या मराठी अनुवादात मात्र 'व्यक्तीची प्रतिष्ठा' असा प्रयोग आहे, आणि ती व्यक्ती म्हणजे प्रत्येक नागरिक. हिंदी पाठात तेथे 'गरिमा' आहे.

1956 साली राज्यपुनर्रचना झाली, त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 350क आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करण्यासाठी राज्यांनी झटावे, असे तो सांगतो. म्हणून मराठी शाळेला शिक्षक मागताना किंवा सातबाऱ्याचा उतारा मराठीत मागताना, आम्हांस वाटते, आपण प्रतिष्ठेचा शब्द योजावा. अस्मितेला समोरून दुसरी अस्मिता उत्तर देते आणि मूळ मागणी मागे पडते. प्रतिष्ठेची मागणी बेळगावच्या मराठी मुलासाठी जितकी खरी, तितकीच जत-अक्कलकोटच्या कन्नड मुलासाठी. ती दोघांसाठी मागण्याची आपली तयारी असेल, तरच ती आपल्या तोंडी शोभेल.