सत्य आणि सलोखा आयोग (कॅनडा)

कॅनडाचा सत्य आणि सलोखा आयोग हा त्या देशातील मूलनिवासी मुलांच्या निवासी शाळांचा इतिहास नोंदवण्यासाठी आणि मूलनिवासी समाज व उर्वरित कॅनडा यांच्यातील सलोख्याची दिशा ठरवण्यासाठी नेमलेला आयोग होता. तो २००८ ते २०१५ या काळात कार्यरत होता. न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर यांच्या अध्यक्षतेखाली आयोगाने ६,५०० हून अधिक व्यक्तींची निवेदने ऐकली व अखेरीस ९४ आवाहने प्रसिद्ध केली. घडलेल्या गोष्टींची जाणीव, झालेल्या हानीची कबुली, तिच्या कारणांचे परिमार्जन आणि वर्तनातील बदल या चारही गोष्टींशिवाय सलोखा शक्य नाही, अशी आयोगाची भूमिका होती.

पार्श्वभूमी

कॅनडाच्या १९८२ च्या राज्यघटना कायद्यात फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या तीन मूलनिवासी समूहांना मान्यता आहे. या समाजांतील मुलांसाठीच्या निवासी शाळांची सुरुवात एकोणिसाव्या शतकात झाली. ऑन्टारियोतील ब्रँटफर्ड येथील मोहॉक इन्स्टिट्यूटमध्ये १८३१ पासून मुलांना ठेवून घेतले जाऊ लागले. १८८३ पासून केंद्र सरकारने पश्चिम भागात अशा शाळांचा विस्तार केला. शाळांचा खर्च सरकार करी, तर त्यांचे संचालन प्रामुख्याने कॅथलिक, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व युनायटेड चर्चकडे होते. मुलांना कुटुंबापासून, भाषेपासून आणि परंपरांपासून तोडून युरोपीय वळणाच्या समाजात सामावून घेणे, हा या धोरणाचा हेतू होता. अनेक शाळांत मातृभाषा बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे. १९२० मध्ये इंडियन ॲक्टमध्ये दुरुस्ती करून सरकारला या मुलांवर शाळेत जाण्याची सक्ती करण्याचे अधिकार देण्यात आले. एकूण सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. अखेरच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या.

या शाळांतील परिस्थितीची माहिती सरकारला नव्हती असे नाही. डॉ. पीटर ब्राइस या वैद्यकीय अधिकाऱ्याने १९०७ च्या अहवालात कोंदट खोल्या, दाटीवाटी आणि क्षयरोगाने होणारे मृत्यू यांकडे लक्ष वेधले होते. त्यांच्या प्रमुख शिफारशी मान्य झाल्या नाहीत. १९२२ मध्ये, सेवेबाहेर पडल्यावर, त्यांनी हाच विषय पुस्तिकेद्वारे जनतेसमोर मांडला.

स्थापना

१९९० मध्ये मॅनिटोबातील मूलनिवासी नेते फिल फोंटेन यांनी शाळेत आपल्यावर झालेल्या अत्याचारांविषयी जाहीरपणे सांगितले. त्यानंतरच्या वर्षांत अनेक माजी विद्यार्थ्यांनी सरकार व चर्चविरुद्ध दावे दाखल केले. या दाव्यांतून २००६ मध्ये तडजोडीचा करार झाला आणि २००७ मध्ये तो अमलात आला. करारात नुकसानभरपाईबरोबरच आयोगाचीही तरतूद होती. त्यामुळे आयोगाचा उगम माजी विद्यार्थ्यांच्या न्यायालयीन लढ्यात आहे. ११ जून २००८ रोजी पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत सरकारच्या वतीने माफी मागितली.

आयोगाच्या पहिल्या सदस्यांनी राजीनामे दिल्यानंतर २००९ मध्ये त्याची पुनर्रचना झाली. ओजिब्वे समाजातील सिंक्लेअर यांच्याबरोबर पत्रकार मेरी विल्सन आणि क्री समाजातील विधिज्ञ विल्टन लिटलचाइल्ड हे सदस्य झाले. लिटलचाइल्ड हे स्वतः निवासी शाळेत शिकलेले होते.

कार्य व अहवाल

आयोगाने २०१० मध्ये विनिपेग येथून सुरुवात करून २०१४ मधील एडमंटनपर्यंत सात राष्ट्रीय मेळावे घेतले. साक्षीदारांना हजर राहण्यास भाग पाडण्याचा अधिकार त्याला नव्हता. सरकारी अभिलेखागारातील कागदपत्रे मिळवण्यासाठी त्याला न्यायालयात जावे लागले. २०१३ मध्ये निकाल आयोगाच्या बाजूने लागला.

अहवालाचा सारांश जून २०१५ मध्ये व संपूर्ण अहवाल डिसेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निवासी शाळांच्या धोरणाचे वर्णन त्यात ‘सांस्कृतिक वंशसंहार’ असे केले आहे. आयोगाला ३,२०० हून अधिक मुलांच्या मृत्यूंच्या नोंदी आढळल्या. त्यांपैकी जवळपास एक तृतीयांश नोंदींत मुलाचे नावही लिहिलेले नव्हते. आयोगाचे दस्तऐवज मॅनिटोबा विद्यापीठातील राष्ट्रीय केंद्रात जतन करण्यात आले आहेत.

आवाहने आणि शिक्षण

९४ आवाहनांत बालकल्याण, भाषा, आरोग्य, न्यायव्यवस्था इत्यादी विषय येतात. शाळांच्याच माध्यमातून हानी झाल्याने तिच्या परिमार्जनातही शिक्षणाचा वाटा मोठा असावा, असे सिंक्लेअर सांगत. ६२ व्या आवाहनात निवासी शाळा, करार आणि मूलनिवासींचे योगदान हे विषय बालवाडीपासून बारावीपर्यंत शिकवण्याची मागणी आहे. ब्रिटिश कोलंबियात २०२३–२४ पासून पदवीपूर्व शालेय प्रमाणपत्रासाठी मूलनिवासीविषयक अभ्यासक्रम अनिवार्य झाला.

३० सप्टेंबर हा दिवस २०१३ पासून ‘नारिंगी सदरा दिन’ म्हणून पाळला जातो. फिलिस वेबस्टॅड यांना सहाव्या वर्षी आजीने घेऊन दिलेला नारिंगी सदरा शाळेच्या पहिल्याच दिवशी काढून घेण्यात आला होता; त्या आठवणीवरून हे नाव पडले. २०२१ पासून हाच दिवस सत्य आणि सलोख्याचा राष्ट्रीय दिवस आहे.

शेवटची दोन आवाहने नवागतांसंबंधी आहेत. ९४ व्या आवाहनानुसार जून २०२१ मध्ये नागरिकत्वाच्या शपथेत मूलनिवासींच्या हक्कांचा व करारांचा उल्लेख आला. कॅनडाचे नागरिकत्व घेणाऱ्या मराठी भाषकांनाही हीच शपथ घ्यावी लागते.

अंमलबजावणी व टीका

मूलनिवासींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्याला कॅनडाने २००७ मध्ये विरोध केला होता. २०२१ मध्ये तो अमलात आणण्यासाठी केंद्रीय कायदा झाला. पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२२ मध्ये आल्बर्टातील मास्क्वासिस येथे माफी मागितली. त्याआधी मे २०२१ मध्ये कॅमलूप्स येथील जुन्या शाळेच्या आवारात रडारच्या साहाय्याने केलेल्या पाहणीमुळे या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. असे रडार केवळ जमिनीतील बदल दाखवते. म्हणून तेथील जागांचा उल्लेख ‘संभाव्य कबरी’ असा केला जातो.

मूळ करारातून दिवसाच्या शाळा आणि न्यूफाउंडलंड व लॅब्राडोरमधील शाळा वगळल्या गेल्याने त्यांतील विद्यार्थ्यांना स्वतंत्र दावे करावे लागले. आवाहनांच्या पूर्ततेचा त्या काळात दरवर्षी आढावा घेत असलेल्या यलोहेड संस्थेने २०२३ अखेर ९४ पैकी केवळ १३ आवाहने पूर्ण झाल्याचे नोंदवले. माफी, स्मृतिदिन यांसारखी प्रतीकात्मक पावले तुलनेने लवकर उचलली गेली. जमिनीचे हक्क, बालकल्याण व शुद्ध पाणी हे प्रश्न मात्र रेंगाळले, असा टीकाकारांचा मुख्य आक्षेप आहे.